आम्हाला आधी हिशेबात धरा: दारिद्र्य निर्मूलनाचे आराखडे लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

नियोजन खात्यात, अर्थ खात्यात, सांख्यिकी कार्यालयात आणि त्यांना सल्ला देणाऱ्या मोठमोठ्या संस्थांमध्ये बसून देशाची गरिबी हटवायचे प्लॅन लिहिणाऱ्या सगळ्या साहेब-मॅडमना,

नमस्कार.

मला एक वाईट सवय लागलीय. कुठल्याही देशाचा दारिद्र्य निर्मूलनाचा आराखडा हातात आला की प्रस्तावना वगैरे वाचायची नाही, थेट सर्च मारायचा, 'अपंग' किंवा त्या भाषेत जो शब्द असेल तो, आणि बघायचं की तो किती वेळा येतो आणि कुठल्या पानावर येतो. बऱ्याचदा तो एकाच वाक्यात सापडतो. वाक्य साधारण असं असतं की महिला, बालके, वृद्ध, अपंग, निराधार व इतर दुर्बल घटकांकडे विशेष लक्ष पुरवले जाईल. बस. कोण पुरवणार, कुठल्या बजेटातून, आणि पाच वर्षांनी ते पुरवलं की नाही हे कशावरून ओळखायचं, त्याचा पत्ता नाही. दोन स्वल्पविरामांच्या मध्ये आम्ही सगळे. मी स्वतः कुबड्या आणि कॅलिपर घालून चालते, शब्दांवरून भांडायची मला फार हौस नाही, अपंग म्हणा, दिव्यांग म्हणा, जे तोंडात बसलंय ते म्हणा, फक्त 'व इतर' मध्ये ढकलू नका एवढंच.

हे काही आजचं नाही. १९९९ साली जागतिक बँक आणि आयएमएफने ठरवलं की गरीब देशांना कर्जमाफी आणि सवलतीचं कर्ज पाहिजे असेल तर त्यांनी आधी स्वतःचा दारिद्र्य निर्मूलनाचा आराखडा लिहायचा, तोही लोकांना सोबत घेऊन. कागदावर कल्पना चांगली होती. मग २००० साली संयुक्त राष्ट्रांची ती सहस्रक विकास उद्दिष्टं आली, आठच्या आठ, आणि त्यात अपंगत्वाचा साधा उल्लेखसुद्धा नाही, एकदाही नाही. पुढची पंधरा वर्षं जगभरचे प्लॅन त्याच साच्यात ओतले गेले म्हटल्यावर जे साच्यातच नाही ते मूर्तीत कुठून येणार. २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार झाला, २००८ पासून तो लागू आहे, आणि त्याच्या २८व्या कलमात अगदी स्पष्ट लिहिलंय की दारिद्र्य निर्मूलनाच्या कार्यक्रमांचा लाभ अपंगांना, त्यातही बायका-मुली आणि म्हाताऱ्या माणसांना, मिळायलाच हवा, आणि जे गरिबीत राहतात त्यांच्या अपंगत्वापायी होणाऱ्या खर्चाला सरकारनं मदत करायची. २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत आम्ही नावानिशी आलो, शिक्षण, रोजगार, विषमता, शहरं आणि आकडेवारी या ठिकाणी. पण गंमत बघा, पहिलं उद्दिष्ट जे गरिबीचं, त्याच्या लक्ष्यांच्या मजकुरात आम्ही नाही, तिथं 'गरीब आणि दुर्बल' एवढंच आहे, आम्ही खाली निर्देशकात आहोत, सामाजिक सुरक्षा कुणाकुणाला मिळाली ते मोजायच्या यादीत. म्हणजे दारात उभं केलंय, पाट मांडलेला नाही.

आता तुम्ही म्हणाल अहो, यावेळी तुमचं वेगळं प्रकरण टाकलंय की. हो, टाकतात हल्ली, शेवटून दुसरं, सामाजिक कल्याण का काय नाव असतं, त्यात एक हसऱ्या मुलाचा व्हीलचेअरवरचा फोटो आणि एक चौकट. ते प्रकरण नको असं मी म्हणत नाही, पण माझं भांडण त्याच्या कितीतरी आधीच्या पानांशी आहे. सुरुवातीच्या पानांत तुम्ही गरीब कोण ते ठरवता, रेषा ओढता, रेषेखाली किती टक्के ते सांगता. आम्ही गळतो ते तिथंच, आणि एकदा तिथं गळालो की मागच्या चौकटीत कितीही गोड लिहिलं तरी पैसा येत नाही, कारण पैसा त्या टक्केवारीच्या मागे जातो.

उदाहरण घ्या. दोन घरं आहेत, दोन्हीत चार-चार माणसं, दोन्हीकडे महिन्याला येणारा पैसा अगदी सारखा, आणि तो तुमच्या रेषेच्या थोडा वर. एका घरातला मुलगा पाठीच्या कण्याला मार बसल्यामुळे अंथरुणाला आणि चाकाच्या खुर्चीला बांधला गेलाय. आता त्या घरात कॅथेटर लागतात, लघवीच्या पिशव्या लागतात, मोठ्या माणसाचे डायपर लागतात, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून वेगळी गादी लागते, दवाखान्यात न्यायचं तर बसमध्ये चढवता येत नाही म्हणून भाड्याची गाडी लागते, जिने चढवता येत नाहीत म्हणून तळमजल्यावरच घर लागतं आणि ते महाग पडतं. आणि आई घरी. तिचं कामावर जाणं बंद, म्हणजे जो पैसा येतोय तो आधी दोघांचा होता तो आता एकाच्या डबल ड्युटीचा आहे. तुमच्या तक्त्यात दोन्ही घरं एकाच ओळीत बसतात, 'गरीब नाही' या ओळीत. शेजारच्या घरात महिनाअखेरीला थोडं उरतं, या घरात पंधरा तारखेलाच हात पसरायची वेळ येते, पण रेषा ओढताना तुम्ही असं धरलेलं असतं की माणसाचं शरीर चालवायला सगळ्यांना सारखाच खर्च येतो.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. अमर्त्य सेन यांनी हे फार आधी मांडून ठेवलंय, त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की अपंग माणसाला दोन ठिकाणी मार बसतो, एक तर त्याला कमवणं अवघड जातं, आणि दुसरं म्हणजे जे कमावलं त्याचं चांगल्या जगण्यात रूपांतर करायलाही त्याला जास्त पैसा लागतो. पहिला मार सगळ्यांना दिसतो, दुसरा तुमच्या सर्व्हेत येतच नाही. व्हीबके कुक्लिस नावाच्या संशोधिकेने ब्रिटनच्या आकडेवारीवर हे मोजून दाखवलं होतं. तिथं एकूण लोकांपैकी १७.९ टक्के दारिद्र्यरेषेखालच्या घरांत राहत होते. ज्या घरात अपंग माणूस आहे फक्त तीच घरं घेतली तर आकडा झाला २३.१ टक्के. आणि मग तो जादा खर्च धरला तेव्हा ४७.४ टक्के. निम्मी घरं हो, जवळजवळ निम्मी! आणि ही गोष्ट ब्रिटनची, जिथं बऱ्यापैकी सरकारी आधार आहे. नुसता उत्पन्नाचा आकडा बघणाऱ्या माणसाला २३ दिसले, ४७ दिसलेच नाहीत, आणि त्या मधल्या घरांना कुणी विचारलं तर कागद दाखवून सांगायचं की तुम्ही गरीब नाही आहात.

याच्यापुढची एक मेख आहे, तीवर जरा थांबते कारण इथं हुशार माणसंसुद्धा फसतात. अपंगत्वामुळे उत्पन्नाच्या किती टक्के जादा खर्च होतो याचे अंदाज जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँकेच्या २०११ च्या अहवालात एकत्र दिलेत. ब्रिटनसाठी ११ ते ६९ टक्के, ऑस्ट्रेलियासाठी २९ ते ३७ टक्के, आयर्लंडसाठी २० ते ३७ टक्के, आणि व्हिएतनामसाठी ९ टक्के. वरवर वाचणारा म्हणेल वा, गरीब देशात अपंग असणं स्वस्त पडतं! मी एका चर्चेत खरोखर असं ऐकलंय, बोलणारा माणूस वाईट नव्हता, घाईत होता. अहो, खर्च करायला विकत मिळायला तर पाहिजे ना काहीतरी. जिथं श्रवणयंत्र मिळत नाही तिथं श्रवणयंत्राचा खर्च शून्य, जिथं फिजिओथेरपिस्ट नाही तिथं त्याची फी शून्य, जिथं व्हीलचेअर आली तरी रस्त्यावर चालवता येत नाही तिथं माणूस घरातच बसतो आणि घरात बसायला पैसे लागत नाहीत. हे मोजमाप फक्त झालेला खर्च मोजतं, लागणारा खर्च मोजत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगात अडीचशे कोटींहून जास्त लोकांना चष्मा, श्रवणयंत्र, खुर्ची, काठी असं काही ना काही साधन लागतं आणि जवळपास शंभर कोटी लोकांना ते मिळत नाही. त्या शंभर कोटींचा खर्च तुमच्या वहीत कमीच दिसणार. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की जादा खर्चाचा भत्ता किती ठेवायचा हे ठरवताना लोक आत्ता काय खर्च करतात तेवढ्यावर जाऊ नका, अपंग माणसांना बसवून विचारा की बाबा, तुला शाळेत जायला, कामावर जायला, आंघोळीला, लोकांत मिसळायला नेमकं काय-काय लागेल, त्याची यादी करा आणि मग किंमत लावा.

बरं, रेषेचं झालं. आता लाभार्थी निवडायच्या पद्धतीचं बघू. उत्पन्न कोण खरं सांगत नाही म्हणून तुम्ही घरातल्या वस्तू मोजता, छप्पर कसलं, खोल्या किती, वाहन आहे का, फोन आहे का, त्यावरून गुण देता आणि गुणांवरून गरीब की नाही ते काढता. माझ्या स्वतःच्या घरी असा एक सर्व्हेवाला आला होता. माझी जी दोन जादा चाकं लावलेली स्कूटर आहे, जिच्याशिवाय मी घराबाहेर पडू शकत नाही, जिचं कर्ज तेव्हा फिटायचं होतं, तिच्याकडे बघून त्यानं 'वाहन आहे' वर टिक केली. मी म्हटलं दादा, हे माझे पाय आहेत. तो बिचारा हसला, म्हणाला ताई, पायांचा कॉलम नाही. त्याची चूक नव्हतीच, कॉलम करणारे तुम्ही. कर्णबधिर मुलीच्या घरात व्हिडिओ कॉलवर खुणांनी बोलायला चांगला फोन लागतो, ते श्रीमंतीचं लक्षण. अंध मुलाला शिकायला कॉम्प्युटर लागतो, तेही श्रीमंतीचंच. म्हणजे कर्ज काढून जरा धडपड केली की यादीतून नाव जातं, आणि काहीच न करता अंधारात बसून राहिलं तर नाव राहतं.

आणि हे सगळं तेव्हा, जेव्हा आम्ही मोजले जातो. मोजण्याचीच बोंब आहे. 'तुमच्या घरात कुणी अपंग आहे का' असा प्रश्न दारात उभं राहून विचारला की काय उत्तर येतं ते कुणालाही माहितीय. लग्नाची मुलगी असेल तर नाही म्हणतात. आजोबांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नसेल तरी नाही म्हणतात, कारण ते काय, म्हातारे झालेत. ज्याला फिट्स येतात, ज्याचं डोकं अधूनमधून फिरतं, ज्याला शिकलेलं लक्षात राहत नाही, त्याला तर अपंग म्हणायचं असतं हेच लोकांच्या गावी नसतं. झांबियात २००० च्या जनगणनेत २.७ टक्के लोक अपंग निघाले. पुढं २००६ मध्ये तिथंच सर्व्हेत प्रश्न बदलून विचारले आणि आकडा १३-१४ टक्क्यांवर गेला. सहा वर्षांत काही साथ आली नव्हती तिथं, फक्त विचारायची तऱ्हा बदलली होती.

ते बदललेले प्रश्न तुमच्या सांख्यिकी कार्यालयाला माहीत असणारच. २००१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगानं वॉशिंग्टन ग्रुप नावाचा गट नेमला, त्यांनी सहा साधे प्रश्न काढले: चष्मा लावूनही बघायला त्रास होतो का, श्रवणयंत्र लावूनही ऐकायला त्रास होतो का, चालायला किंवा पायऱ्या चढायला, लक्षात ठेवायला किंवा लक्ष लावायला, आंघोळ-कपडे अशी स्वतःची कामं करायला, आणि आपलं म्हणणं दुसऱ्याला समजवायला किंवा दुसऱ्याचं समजायला त्रास होतो का. उत्तरं चार, अजिबात नाही, थोडा होतो, खूप होतो, जमतच नाही. 'अपंग' हा शब्द प्रश्नात कुठंच नाही, म्हणून आई लपवत नाही. सहाच प्रश्न आहेत, लांबलचक खर्चाच्या सर्व्हेत कुठेही घुसवता येतात. (मानसिक आजाराचं या सहा प्रश्नांत नीट पकडलं जात नाही ही त्यांची खोट आहे, त्यासाठी मोठा संच आहे, पण निदान एवढं तरी करा.) आणि मुख्य म्हणजे ते जनगणनेत विचारून भागणार नाही, ते उत्पन्न-खर्चाच्या सर्व्हेत पाहिजेत, ज्या सर्व्हेवरून तुम्ही गरिबी काढता त्याच सर्व्हेत, नाहीतर एका वहीत अपंग आणि दुसऱ्या वहीत गरीब, आणि दोन्ही वह्यांची गाठभेट कधी होतच नाही. जगात दर सहा माणसांमागे एकाला लक्षणीय अपंगत्व आहे, १३० कोटी, जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ चा आकडा. तुमच्या आराखड्यात दोन टक्के लिहिलेत तर आधी स्वतःच्या प्रश्नावलीकडे बघा.

आता कामाचा विषय, कारण गरिबी जाते ती शेवटी हाताला काम मिळाल्यावर. सरकारी मजुरीच्या योजनांत एक ठरलेली वाटणी असते, कष्ट करू शकणारे कामावर, आणि न करू शकणाऱ्यांना घरबसल्या मदत. इथिओपियाच्या २००५ पासूनच्या मोठ्या योजनेत अशीच सोय आहे, ज्या घरात काम करू शकणारं कुणी नाही त्यांना कामाशिवाय मदत. मी त्याला नावं ठेवत नाही, ज्याला उठताच येत नाही त्याच्या हातात फावडं द्यायचं का? पण मग माझ्यासारखीला कुठं टाकणार? खड्डा खणता येणार नाही, पण हजेरी लिहिता येईल, साहित्याचा हिशेब ठेवता येईल, कामावर आलेल्या बायकांची पोरं सांभाळता येतील, आणि अंध माणूस शेजारच्याबरोबर जोडीनं पाटी उचलू शकतो, कर्णबधिराला तर खणायलाही काही अडचण नाही, फक्त मुकादमानं ओरडण्याऐवजी हात दाखवायचा. काम करू शकतो आणि करू शकत नाही असे दोनच खण ठेवलेत की मधले सगळे दुसऱ्या खणात पडतात आणि तिथंच राहतात.

राहतात कारण बाहेर पडायची भीती वाटते. बऱ्याच देशांत अपंगत्वाची पेन्शन 'मी काम करू शकत नाही' हे सिद्ध केल्यावर मिळते. मग सहा महिन्यांची छोटी नोकरी चालून आली की घरात खल सुरू होतो, नोकरी धरली आणि पेन्शन गेली आणि सहा महिन्यांनी नोकरीही गेली तर? परत मेडिकल बोर्ड, परत दाखले, परत वर्षभर चकरा. कुठला शहाणा माणूस हा जुगार खेळेल. आणि मग तुम्हीच म्हणता की यांना आयतं खायची सवय लागलीय. ब्राझीलनं यावर बरा तोडगा काढला. तिथं गरीब अपंग आणि ६५ वर्षांपुढच्या गरीब लोकांना किमान वेतनाएवढा भत्ता मिळतो. अपंग माणसानं नोकरी धरली की तो रद्द व्हायचा, तर २०११ मध्ये कायदा बदलून तो रद्द करण्याऐवजी तात्पुरता थांबवायचं ठरलं, नोकरी सुटली की परत चालू. आणि २०२१ मध्ये अजून पुढं जाऊन, ठराविक पगारापर्यंतच्या नोकरीवर जाणाऱ्याला भत्त्याच्या निम्मी रक्कम चालू ठेवायची तरतूद आली. झांबियाची रोख मदतीची योजना बघा, घरात तीव्र अपंगत्व असलेलं माणूस असेल तर रक्कम दुप्पट. हे काही फार श्रीमंत देश नाहीत, तेव्हा पैसा नाही हे कारण मला पूर्ण पटत नाही. जगभरात २०२० साली तीव्र अपंगत्व असलेल्यांपैकी ३३.५ टक्के लोकांनाच अपंगत्वाचा काही रोख लाभ मिळत होता, हा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा आकडा आहे. म्हणजे तिघांतल्या दोघांना काही नाही.

अटीच्या योजनांबद्दलही एक, पटकन सांगते. मूल शाळेत जात असेल तरच आईला पैसे, अशा योजना पुष्कळ देशांत आहेत आणि त्यांचा उपयोगही झालाय. पण ज्या मुलाला शाळेनंच घेतलं नाही, किंवा घेतलं पण संडासात जाता येत नाही म्हणून आईनं घरी ठेवलं, त्या घराला तुम्ही अट मोडली म्हणून दंड करता. शाळेवर कुठलीच अट नाही, अट आईवर.

आणि त्या आईबद्दल कुणीच लिहीत नाही. माझी आई माझ्यामुळं किती वर्षं कामावर गेली नाही याचा हिशेब कुठल्या आराखड्यात येतो? माझ्या धाकट्या बहिणीनं मला शाळेत सोडायचं म्हणून स्वतःची सकाळची शाळा बदलून घेतली होती, नशिबानं तिचं शिक्षण सुटलं नाही, पण कित्येक बहिणींचं सुटतं. अपंगत्व मोजताना माणूस एक मोजता, पण गरीब होतं ते आख्खं घर, आणि त्या घरातली सगळ्यात आधी जी कामावरून किंवा शाळेतून काढली जाते ती बाईच असते. ती तुमच्या रोजगाराच्या प्रकरणात 'श्रमशक्तीबाहेर' म्हणून दिसते. रात्री तीनदा उठून कूस बदलून देणारी बाई श्रमशक्तीबाहेर! देखभालीसाठी दिवसातले चार तास कुणी पगारी माणूस आलं तर ही बाई कमवायला बाहेर पडू शकते, म्हणजे एका खर्चात दोन रोजगार, एवढं साधं गणित अर्थ खात्याला मी समजवायला नको.

गणितावरून आठवलं. तुमच्यासारख्यांना पटवायला एक आकडा नेहमी वापरला जातो, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी २००९ मध्ये झालेल्या एका अभ्यासाचा, दहा गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत अपंगांना कामापासून दूर ठेवल्यामुळं जीडीपीच्या ३ ते ७ टक्के नुकसान होतं. मीसुद्धा भाषणात वापरलाय, टाळ्या मिळतात. पण खरं सांगू, वापरताना थोडं खुपतं. ज्या मुलाची कमाई जीडीपीत कधीच दिसणार नाही, जो आयुष्यभर दुसऱ्याच्या हातानं जेवणार आहे, त्याला मग काय सांगायचं? तो गरीब राहू नये यासाठी नफ्याचं कारण शोधावं लागणं मला बरोबर वाटत नाही. आकडा वापरा, अर्थमंत्र्यांना दाखवा, पण तेवढ्यावरच आमचं दुकान मांडू नका.

राहता राहिला सल्लामसलतीचा भाग. संयुक्त राष्ट्रांच्या त्याच करारातल्या चौथ्या कलमात लिहिलंय की आमच्याबद्दलचे निर्णय घेताना आमच्या संघटनांशी जवळून चर्चा करायची. ही चर्चा कशी होते ते सांगते. एका आराखड्याच्या मसुद्यावर बोलायला मला एकदा बोलावलं होतं, कुणी ते सांगत नाही, उगाच त्या एकाच ऑफिसला बोल लागेल, सगळीकडे असंच असतं. मसुदा आला बैठकीच्या दोन दिवस आधी, दीडशेच्या वर पानं, तीही स्कॅन करून फोटोसारखी, त्यामुळं माझ्या अंध मित्राचा स्क्रीन रीडर त्यातलं एक अक्षर वाचेना. हॉल दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. मी पायऱ्या चढले, मला वेळ लागतो पण जमतं. खुर्चीवरच्या एका बाईंना चार शिपाई उचलून घेऊन आले, त्या पूर्ण वेळ साडी सावरत होत्या आणि नंतर एक शब्द बोलल्या नाहीत. खुणांची भाषा सांगणारं कुणी नव्हतं म्हणून कर्णबधिर प्रतिनिधीला शेजारी बसून मी वहीवर लिहून दाखवत होते, निम्मं सुटलं. बोलायला आमच्या सगळ्यांना मिळून दहा मिनिटं. मतिमंद मुलांच्या पालकांचा नंबर आलाच नाही. आणि छापील आराखड्याच्या शेवटी जोडपत्रात आमची सगळ्यांची नावं, 'व्यापक विचारविनिमयात सहभागी' म्हणून. त्या बाईंचंही.

युगांडात संसदेत अपंगांच्या प्रतिनिधींसाठी पाच जागा आहेत, आणि खाली स्थानिक परिषदांतही प्रत्येक पातळीवर राखीव जागा आहेत. तिथं सगळं छान झालंय असं मी म्हणत नाही, जागा मिळाली म्हणून बजेट मिळतंच असं नाही, पण निदान आराखडा ठरतो त्या खोलीत कुणीतरी कायमचं बसलेलं असतं, पाहुणा म्हणून बोलावून चहा पाजून परत पाठवलेलं नाही. आम्हाला मसुदा झाल्यावर बोलावता हीच खरी अडचण आहे. मसुद्यावर मत देऊन काय होतं, एखादं विशेषण बदलतं. सर्व्हेचे प्रश्न ठरतात तेव्हा बोलवा, रेषा ओढता तेव्हा बोलवा, बजेटची ओळ लिहिता तेव्हा बोलवा, आणि मुख्य म्हणजे दोन वर्षांनी तपासणी करता तेव्हा बोलवा, कारण तेव्हा कुणीच कुणाला बोलवत नाही.

तर पुढच्या आराखड्याचं काम तुमच्याकडे सुरू होत असेल किंवा झालं असेल. मी यायला तयार आहे, माझ्याबरोबर अजून सात-आठ जण येतील, त्यातले दोघं आकडेवारीतले माझ्यापेक्षा कितीतरी हुशार आहेत. बैठक तळमजल्यावर ठेवा. खुणांची भाषा सांगणारे दोघं लागतील, एकटा माणूस तासभरात थकतो. ज्यांना सोबत मदतनीस आणावा लागतो त्यांच्या मदतनिसाचंही भाडं द्या. सर्व्हेची प्रश्नावली आणि रेषा कशी काढली त्याचं टेबल आधी पाठवा, प्रस्तावना नंतर पाठवली तरी चालेल. आणि फाईल टाईप केलेली पाठवा, स्कॅन करून नको.

आपली,
पायांच्या कॉलमची वाट बघणारी एक नागरिक